उजव्या हाताची चित्रे

इसवी सन एकोणीसशे त्र्याऐंशी, जुलै महिना, शनिवार, दुपारची वेळ. स्थळ नाशिक शहर, पंचवटी, एका शिक्षणसंस्थेचे कार्यालय. शाळांच्या भिंतींवर लावावयाच्या चित्रांची निवड करण्यासाठी नेमलेल्या समितीपुढे झुंबर सहादू पगारे या चित्रकला-शिक्षकाने आपली दहा छापील चित्रे मांडली. चित्रांचा विषय नाशिक शहरातील नित्याचे जीवन असा होता. एका चित्राची किंमत एका दोनशेपानी वहीपेक्षा अधिक होणार नाही, अशी हमी त्याने दिली होती.

ही सभा मिळवण्यासाठी त्याला सात वर्षे लागली होती. त्यामुळे खुर्चीत बसला तेव्हा त्याला आनंद झाला नाही. दूरच्या गावाहून पायी आलेल्या माणसाला ओसरी दिसताच जसे अंग टाकून द्यावेसे वाटते, तसे वाटले. या सात वर्षांत तो शिक्षणाधिकाऱ्यांशी, मुख्याध्यापकांशी, पालकसभांशी आणि स्वतःच्या सासऱ्यांशीसुद्धा एकच वाद घालत आला होता. शाळेच्या भिंतीवर काय असते? थोरांच्या तसबिरी, माणसाची पचनसंस्था आणि कुठल्याशा बँकेने पाठवलेले, परदेशातल्या फुलांच्या शेतांचे जुने कॅलेंडर. ज्या मुलाची आई पंचवटीच्या बाजारात पहाटेपासून मेथीच्या जुड्या बांधत बसते, त्या मुलाने दिवसभर त्या परक्या फुलांकडे का पाहावे? त्याला आपली आई, आपली गल्ली, आपल्या बापाची फाटकी रिक्षा भिंतीवर का दिसू नये? या प्रश्नाला कोणी नाही म्हटले नव्हते. पुढच्या वर्षी बघू, असे सगळे म्हणाले होते.

यंदा मात्र समितीचे अध्यक्ष बदलले होते. निवृत्त मुख्याध्यापक केशवराव क्षेमकल्याणी हे गृहस्थ शिस्तीचे असले, तरी समोरचा माणूस बोलू लागला की चष्मा काढून ऐकत. त्यांनी दहाही चित्रे टेबलावर ओळीने मांडून घेतली आणि एकेक उचलून खिडकीच्या उजेडात धरून पाहिले. भाजीबाजार, सार्वजनिक नळ, रेशनचे दुकान, झाडाखालचा न्हावी, शहरातला वाहनांनी गजबजलेला द्वारकेचा चौक. काळ्या शाईतली ठसठशीत चित्रे होती ती, एकही रेघ वायफळ नव्हती. क्षेमकल्याणी प्रसन्न दिसले. मग त्यांनी द्वारकेच्या चौकाचे चित्र पुन्हा हाती घेतले.

"पगारे सर," ते म्हणाले, "ही सगळी वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने का चालली आहेत?"

चित्रे उलटी का, हे कोणीतरी कधीतरी विचारणार, हे झुंबर जाणून होता. त्याची कामाची रीत अशी होती, की लिनोलियमचा, म्हणजे कोरून छाप काढता येतो अशा रबरासारख्या मऊ पत्र्याचा, तुकडा मांडीवर घेऊन तो प्रत्यक्ष जागेवर बसे आणि समोर दिसेल ते कुंचल्याने थेट त्या तुकड्यावर काढी. घरी येऊन त्याच रेघा कोरणीने कोरी. आधी कागदावर काढायचे, मग ते उलटे करून लिनोवर उतरवायचे, ही सर्वांची पद्धत त्याला मान्य नव्हती. एकदा पाहून काढलेली रेघ दुसऱ्यांदा गिरवली की ती मरते, असे त्याचे ठाम मत होते. त्यामुळे छाप उमटला की चित्र आरशातल्यासारखे उलटे होई. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे तेवढी तो मुद्दाम उलटी कोरी, म्हणजे छापल्यावर ती सुलटी दिसत. माणसांसाठी हा खटाटोप त्याने कधी केला नाही. माणूस कुठूनही माणूसच, असे तो म्हणे.

हे सर्व त्याने समितीला नीट समजावून सांगितले. तोवर समितीतल्या जाधव बाईंनी उरलेली चित्रे आपल्यापुढे ओढली होती.

"म्हणून तर," जाधव बाई म्हणाल्या. "ही भाजीवाली डाव्या हातानं सुटे देतेय. आमच्या सासूबाईंनी ते घेतलेच नसते. आणि हे बघा, भेळ खातायत चौघं, चौघंही डाव्या हातानं. न्हाव्याचा वस्तरासुद्धा डाव्या हातात. मी तर ह्याच्यापुढे नवऱ्याला बसू देणार नाही."

सभेत हशा पिकला. झुंबर हसला नाही. आरशात पाहताना आपण कोणी डावखुरे होत नाही, असा मुद्दा त्याने मांडला. त्यावर क्षेमकल्याणी म्हणाले, की आरशातला माणूस आपणच असतो म्हणून ती उलटापालट आपल्याला कळते. पहिलीतल्या मुलाला भिंतीवरच्या परक्या माणसाबद्दल हे कोण सांगणार? झुंबरने दुसरा मुद्दा काढला. प्रत्येक वर्गात दोन-तीन मुले खरोखरीच डावखुरी असतात, डाव्या हाताने लिहिले म्हणून त्यांना पट्टी खावी लागते. त्यांच्यासाठी एखादी भिंत का असू नये? क्षेमकल्याणींनी यावर थोडा विचार केला आणि मग शांतपणे उत्तर दिले, की एखादा माणूस डावखुरा दाखवला असता तर त्यांची हरकत नव्हती, परंतु या चित्रांत सगळे नाशिक डावखुरे झाले आहे. आणि द्वारकेला रोज कोणी ना कोणी गाडीखाली येत असताना रस्त्याची चुकीची बाजू दाखवणारे चित्र आपण मुलांपुढे टांगणार नाही.

 सात वर्षे झुंबर ज्या तयारीने वाद घालत आला, त्या तयारीत रस्त्याची बाजू हा मुद्दाच नव्हता.

तेव्हा क्षेमकल्याणींनी शेवटचे, दहावे चित्र उचलले. कारखान्याच्या फाटकापाशी भिंतीला टेकून एक कामगार डबा खात बसला होता. डाव्या हाताची बोटे तुटलेली, तो थोटा पंजा त्याने डब्याच्या झाकणावर दाबून धरलेला. उजव्या हातात भाकरीचा घास.

"हे मात्र बरोबर आहे," क्षेमकल्याणी म्हणाले. "घास उजव्या हातात. माणूस अपंग असून कसा व्यवस्थित जेवतोय बघा. हे असेच ठेवा. बाकीची नऊ सुलटी करून दिवाळीच्या सुटीआधी आणा, म्हणजे सगळी एकदम मंजूर करू."

झुंबरने मान हलवली. खरे म्हणजे त्याने तेव्हाच बोलायला हवे होते. पण दुपार कलली होती, नऊ चित्रे पुन्हा कोरायची या विचाराने खांदे आधीच भरून आले होते, आणि मंजूर झालेल्या एकमेव चित्राबद्दल आपणहून वाद उकरून काढण्याचे त्राण त्याच्यात उरले नव्हते.

ते चित्र त्याच्या थोरल्या भावाचे, भिकनचे होते. शहराबाहेर अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पत्रे कापणाऱ्या प्रेसवर काम करताना भिकनच्या उजव्या हाताची चार बोटे गेली होती. उजव्या हाताची. डावा धडधाकट होता. मालकाने नंतर त्याला त्याच कारखान्याच्या फाटकावर राखणदार म्हणून बसवले. तेव्हापासून भिकन लग्नाच्या पंगतीला बसत नसे. घरून जेवून आलो म्हणे. कारखान्यातही भिंतीकडे तोंड करून डाव्या हाताने जेवी, कारण येणारे-जाणारे आधी हाताकडे बघत आणि मग बघितलेच नाही असे दाखवत. धाकट्या भावाने चित्र काढू दे म्हटल्यावर तो दोन आठवडे नाही म्हणत राहिला, आणि एके दिवशी आपणहून डबा उघडून फाटकापाशी बसला. झुंबरने पाहिले तसे काढले, आणि छापताना सगळ्यांचे हात उलटे झाले तसे त्याचेही झाले. इतरांचे उजवे हात डावे झाले. भिकनचा एकट्याचा डावा हात उजवा झाला. नाशिकमधला जो एक माणूस डाव्या हाताने जेवतो, तोच तेवढा समितीला बरोबर वाटला.

भिकनने छाप अजून पाहिला नव्हता. शाळेच्या भिंतीवर लागेल तेव्हाच दाखवीन, असे झुंबरने त्याला सांगून ठेवले होते.

संध्याकाळी पूल ओलांडून तो गोरक्ष आहेरच्या छापखान्यात गेला. गोरक्ष मूळचा सटाण्याकडचा, शेतकरी घरातला. जत्रांच्या आणि कुस्त्यांच्या जाहिराती ज्याच्यावर निघत तो जुना लोखंडी हातप्रेस त्याने झुंबरच्या चित्रांसाठी मोकळा करून दिला होता. सगळी हकीकत ऐकून घेतल्यावर गोरक्षने शाईचे हात चिंधीला पुसले.

"म्हणजे सर, सगळ्या गावाला डावरं केलं तुम्ही. आन् मी ते शंभरदा छापलं तरी माझ्या ध्यानात नाय आलं," तो म्हणाला. "मला वाटायचं, चित्रकार लोकांचं असंच काही तरी राहत असंल."

मग त्याने ट्रेसिंग कागदाचे भेंडोळे काढून टेबलावर ठेवले. कुस्तीच्या जाहिरातीतला पैलवानसुद्धा आम्ही उलटा करून मगच कोरतो, असे तो सांगू लागला. झुंबरने ते माहीत असल्यासारखी मान डोलावली. माहीत होतेच. माहीत असून न करण्यातच त्याचा अभिमान होता, आणि आता तो गुंडाळून ठेवावा लागत होता.

पुढचे महिने त्याने ते काम केले. दिवसभर शाळेत तास घ्यायचे, मग घरी येऊन खिडकीच्या कट्ट्यावर जुना छाप पसरायचा, त्यावर ट्रेसिंग कागद ठेवून एकेक रेघ पेन्सिलीने उचलायची, कागद न उलटता, खाली कार्बन घालून नव्या लिनोवर तीच रेघ उतरवायची आणि परत कोरायची. मानेत कळ येई. चष्म्याचा नंबर वाढला. भाजीवाली सिंधुबाई पहिल्या चित्रात मेथीची जुडी फेकल्यासारखी पुढे करत होती. नव्या चित्रात तिने ती हलकेच ठेवली. नळावरच्या बायका पहिल्यांदा भांडत होत्या, आता रांगेत उभ्या राहिल्या. जे जिवंत होते ते शहाणे झाले. द्वारकेचा चौक मात्र दुसऱ्यांदा अधिक चांगला उतरला. गर्दी मोकळी झाली, रिक्षांना वेग आला. याचा झुंबरला आनंद होण्याऐवजी राग आला, कारण त्यामुळे त्याच्या मताला तडा जात होता. पत्नी सुलाबाई एकदा चहा ठेवता ठेवता म्हणाली, की तुम्ही आताशा बोलत नाही, पूर्वी निदान भांडत तरी होता. त्याने कप बाजूला सरकवला आणि पुढची रेघ उचलली.

ऑक्टोबरच्या मध्यावर नऊही छाप निघाले. गोरक्षने ते दोरीला वाळत घातले आणि कडेला दहावा, जुना, भिकनचा लावला. गोरक्ष समाधानाने म्हणाला, की आता झालं सगळं गाव उजवं. झुंबर दोरीपुढे उभा राहिला. पाहणाऱ्याला दहाही चित्रे सारखीच बरोबर होती. जोवर सगळीच चित्रे उलटी होती, तोवर तो प्रामाणिकपणे म्हणू शकत होता, की ही छापण्याची रीत आहे. आता नऊ सुलटी केल्यावर दहावे तसेच ठेवणे ही रीत राहिली नव्हती, ती लबाडी झाली होती. त्याने गोरक्षकडे लिनोचा आणखी एक तुकडा मागितला. गोरक्षने डोक्याला हात लावला, पण तुकडा दिला.

समितीपुढे तो गेला तो दिवाळीच्या सुटीच्या आदल्या शनिवारी. नऊ चित्रे कोणी फारशी न्याहाळली नाहीत; जाधव बाईंनी हात तेवढे तपासले आणि मान डोलावली. दहाव्या चित्राशी क्षेमकल्याणी थांबले. यावेळी घास डाव्या हातात होता आणि थोटा उजवा पंजा झाकणावर. झुंबरने सांगितले, की चित्रातला माणूस त्याचा सख्खा भाऊ आहे, त्याचा उजवा हात यंत्रात गेला आहे, आणि मागचे चित्र समितीला बरोबर वाटले तरी ते चुकीचे होते. हे सांगताना त्याने आवाज चढवला नाही.  क्षेमकल्याणींनी चष्मा काढला, डोळे पुसले. ते मनाने वाईट नव्हते. त्यांना खरोखरच वाईट वाटले होते.

"मग हे चित्र लागलेच पाहिजे," ते म्हणाले. "पण मुले विचारणार, हा डाव्या हाताने का जेवतो. शिक्षकाला उत्तर देता आले पाहिजे. खाली एक ओळ टाका. 'यंत्रावर काम करताना निष्काळजीपणा करू नये.' म्हणजे चित्राला अर्थ येईल. अंबडला जाणारी उद्याची मुले आहेत ही."

जाधव बाईंनी लगेच अनुमोदन दिले.

झुंबरच्या कानात 'निष्काळजीपणा' हा एक शब्द घणासारखा वाजला. कारखान्याच्या चौकशीत हाच शब्द वापरला होता. कामाचा वेग वाढावा म्हणून मुकादमाने प्रेसची संरक्षक जाळी काढून ठेवली होती आणि पाळीतल्या सगळ्या माणसांना ते माहीत होते. पण चौकशीत एकानेही तोंड उघडले नाही, आणि कामगाराचा निष्काळजीपणा असा निर्णय झाला. भिकनने त्या निर्णयाच्या कागदावर सही करायला नकार दिला होता. सही करायला हातच नाही, असे तो साहेबाला म्हणाला होता.

झुंबरने हे सगळे सभेत सांगितले. पण समितीला कारखान्याच्या भांडणात पडायचे नव्हते, आणि एका दृष्टीने तेही रास्त होते. क्षेमकल्याणींनी अखेर तोडगा काढला: ओळीसह नवे चित्र मंजूर; ओळ नको असेल तर मागचे, उजव्या हाताचे चित्र मंजूर आहेच; दोन्ही नको असतील तर नऊ चित्रांची माला होईल. ठरवा आणि सुटीनंतर कळवा.

वाटेत त्याने गोरक्षकडून ती ओळ नव्या छापाखाली जुळवून एक प्रत काढून घेतली. आपण हे का करतो आहोत, हे त्याने स्वतःला विचारले नाही. दोन्ही चित्रे गुंडाळून तो द्वारकेमागच्या वसाहतीत भिकनकडे गेला.

भिकन नुकताच पाळीवरून आला होता. वहिनी, मैना, चुलीपाशी होती. झुंबरने सतरंजीवर आधी जुना छाप उलगडला.

"हा कोण?" भिकनने विचारले.

"तूच, दादा."

"माझा डावा कधी तुटला?"

मग झुंबरने नवा छाप त्याच्याशेजारी ठेवला. भिकन वाकला. मैना हातातले पीठ तसेच ठेवून मागे येऊन उभी राहिली.

"हे तुम्ही," ती म्हणाली. "बसणं बी तसंच. कुणी बघतंय का म्हणून मान आखडलेली."

 भिकनने डाव्या हाताचे बोट चित्रातल्या डाव्या हातावर ठेवले आणि तसेच ठेवून खालची ओळ वाचू लागला. तो सावकाश, ओठ हलवत वाची. शेवटच्या शब्दांशी त्याचे ओठ थांबले. झुंबरने घाईघाईने समितीचे सगळे सांगितले, तिन्ही पर्याय सांगितले, आणि मग, ज्या माणसाने सात वर्षांत कोणापुढे एक शब्द मागे घेतला नव्हता, त्या माणसाच्या तोंडून बाहेर पडले:

"ओळ बारीकच आहे, दादा. पोरं चित्र बघतात. खालचं कोण वाचतंय?"

"मास्तर ना तू?" भिकन म्हणाला. "पोरं शाळेत येतात कशाला मग?"

झुंबरने मान खाली घातली. आपण भावाशी वाद घालत नसून त्याची परवानगी उकळायला आलो आहोत, हे त्याला आता कळले. आणि ते कळूनही, भिकन हो म्हणाला तर बरे होईल, असे त्याला वाटत राहिले. नाहीतर नऊच चित्रे लागतील, लोक वाहवा करतील, आणि ज्याच्यासाठी नव्याने कोरणी हाती धरली तेच चित्र ट्रंकेत पडून राहील. त्याला इतके थकल्यासारखे झाले, की तिथेच सतरंजीवर आडवे व्हावे.

"उजव्याचं लावू का मग?" त्याने विचारले. "ते मंजूर आहे. खाली काही नाही त्याच्या."

"तो माणूसच मला ठावा नाय," भिकन म्हणाला. "त्याला कशाला घरी बोलावू?"

मैनाने भाकरी तव्यावर टाकली. भिकनने नवा छाप हातात घेतला, दिव्याच्या जवळ नेला, दूर धरला, आणि परत सतरंजीवर झुंबरपुढे ठेवला.

"चित्रातला मी हाय," तो म्हणाला. "खालचं लिहिलेलं खोटं हाय. हे लावायचं नाय."